बंदूक घरात, नोंद दप्तरात

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती मूळ इंग्रजीत अवघी २७ शब्दांची आहे. आशय असा: सुनियंत्रित मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेला आवश्यक असल्याने, शस्त्रं बाळगण्याच्या आणि धारण करण्याच्या लोकांच्या हक्कावर अतिक्रमण होणार नाही. १५ डिसेंबर १७९१ पासून हे वाक्य घटनेत आहे आणि त्याच्या अर्थावर आजही एकमत नाही. स्वल्पविरामांवरूनसुद्धा वाद झाले आहेत, कारण काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अधिकृत हस्तलिखितात तीन स्वल्पविराम आहेत आणि काही राज्यांनी मंजूर केलेल्या प्रतींत एकच.

एक तट म्हणतो, हक्क मिलिशियाचा होता. मिलिशिया इतिहासजमा झाली, हक्कही झाला. दुसरा म्हणतो, हक्क प्रत्येक माणसाचा, जन्मजात. मिलिशियाचा उल्लेख ही नुसती प्रस्तावना. २००८ पासून सर्वोच्च न्यायालय दुसऱ्या तटाच्या बाजूनं आहे. कागदपत्रं काळाच्या क्रमानं लावून पाहिली तर दोन्ही तट अपुरे पडतात, असं माझं मत आहे. १७९१ चा हक्क कर्तव्याला बांधलेला होता. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा व्यक्तीचा हक्कही खरा आहे, पण राष्ट्रीय कायद्यात तो ठळकपणे उमटला १८६६ साली, वेगळ्या माणसांसाठी आणि वेगळ्या कारणानं. आजचं न्यायालय १८६६ चा आशय घेतं आणि त्यावर १७९१ ची तारीख घालतं. तारीख चुकली की पुढचा सगळा हिशोब चुकतो, आणि त्या चुकीचे परिणाम आज अमेरिकेतल्या साध्यासुध्या माणसांना भोगावे लागतात.

या हक्काचं मूळ इंग्लंडमध्ये शोधतात, ते बरोबर आहे. १६८९ च्या इंग्लिश हक्कसंहितेत एक कलम आहे: प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपल्या रक्षणासाठी, आपापल्या सामाजिक स्थितीला साजेशी आणि कायद्यानं परवानगी असलेली शस्त्रं बाळगता येतील. कॅथलिक राजा दुसरा जेम्स यानं प्रॉटेस्टंटांना निःशस्त्र केलं आणि उभी फौज वाढवली, ही त्यामागची तक्रार होती. एका ओळीच्या कलमात तीन अटी आहेत: धर्म, ऐपत आणि कायदा. हा हक्क वैयक्तिक होता असं सांगणारे पहिला अर्धा भाग वाचतात, नव्हता म्हणणारे दुसरा. मला त्यातून एवढंच दिसतं की जन्मापासूनच हा हक्क संसदेच्या कायद्याखाली होता.

अमेरिकन वसाहतींत कारण वेगळं होतं. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री बोस्टनहून सुमारे ७०० ब्रिटिश सैनिक निघाले ते कॉन्कर्ड गावातला दारूगोळा जप्त करायला, आणि १९ च्या पहाटे वाटेत लेक्झिंग्टनला पहिली गोळी उडाली. तो साठा वसाहतीच्या नागरी फौजेसाठी जमवलेला होता. ही आठवण ताजी असताना राज्यांनी आपापल्या हक्कसंहिता लिहिल्या. व्हर्जिनियानं १७७६ मध्ये शस्त्रांचं शिक्षण घेतलेल्या जनतेच्या मिलिशियाचा उल्लेख केला. मॅसॅच्युसेट्सनं १७८० मध्ये ‘सामायिक संरक्षणासाठी’ असे शब्द घातले. पेनसिल्व्हेनियानं मात्र १७७६ मध्येच लिहिलं होतं की लोकांना स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धारण करण्याचा हक्क आहे. वैयक्तिक हक्काच्या बाजूचा हा भक्कम पुरावा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. न्यू हॅम्पशायरनंही १७८८ मध्ये सुचवलं होतं की प्रत्यक्ष बंडात सामील झालेल्यांखेरीज कोणाही नागरिकाला काँग्रेसनं निःशस्त्र करू नये. पण त्याच पेनसिल्व्हेनियानं १७७७ मध्ये निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांची शस्त्रं काढून घेणारा कायदा केला. हक्क लिहिणारे आणि ती जप्ती करणारे एकाच पिढीचे, एकाच राज्याचे लोक होते. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही.

मुख्य भांडण १७८७ च्या नव्या घटनेवरून पेटलं. मिलिशियाची रचना करणं, तिला शस्त्रं पुरवणं आणि तिला शिस्त लावणं हे अधिकार घटनेनं काँग्रेसला दिले. अधिकारी नेमणं आणि प्रशिक्षण देणं राज्यांकडे ठेवलं. जून १७८८ मध्ये, घटना मंजूर करायची की नाही हे ठरवायला भरलेल्या व्हर्जिनियाच्या अधिवेशनात, जॉर्ज मेसन यांनी घोडं कुठे पेंड खातं ते दाखवलं: काँग्रेसनं शस्त्रं पुरवलीच नाहीत, तर नुसत्या हेळसांडीनं मिलिशिया मोडेल आणि उभ्या फौजेला मोकळं रान मिळेल. पॅट्रिक हेन्री यांनी गुलामांच्या उठावाचा प्रश्न काढला. तो मोडायला मिलिशिया बोलावण्याचा अधिकार कोणाचा? काही अभ्यासक यावरून म्हणतात की दुरुस्ती गुलामगिरी टिकवण्यासाठीच आली. दक्षिणेत तो हेतू नक्की होता. पण उत्तरेतल्या राज्यांच्या मागण्या पाहता तेवढंच एक कारण होतं असं म्हणता येत नाही.

८ जून १७८९ रोजी जेम्स मॅडिसन यांनी काँग्रेसपुढे मांडलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात एक पोटवाक्य होतं, जे पुढे गळलं: धर्मश्रद्धेमुळे शस्त्र धारण करायला नकार देणाऱ्याला स्वतः लष्करी सेवा करायची सक्ती होणार नाही. क्वेकरांसारख्या अहिंसक पंथांसाठी ती सवलत होती. म्हणजे ‘शस्त्र धारण करणे’ याचा त्या वाक्यातला अर्थ लष्करी सेवा असाच आहे. नाहीतर सवलतीला अर्थ राहत नाही. उलट बाजूचा पुरावाही द्यायला हवा: त्या सप्टेंबरात ‘सामायिक संरक्षणासाठी’ हे शब्द घालण्याची सूचना सेनेटनं फेटाळली.

हा शब्दप्रयोग मराठी माणसाला चटकन कळावा असा आहे. कोणी खिशात सुरा घेऊन फिरला, तर त्यानं शस्त्र उचललं असं आपण म्हणत नाही. ‘शस्त्र उचललं’ म्हटलं की समोर शत्रू किंवा सरकार असतं, पाठीशी टोळी किंवा फौज असते. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयानं १८४० मध्ये हेच सांगितलं होतं: हरणांच्या आणि रानरेड्यांच्या मागे चाळीस वर्षं रोज रायफल घेऊन हिंडणाऱ्यानंही ‘शस्त्र धारण केलं’ असं कोणी म्हणणार नाही. अलीकडे अठराव्या शतकातल्या इंग्रजी मजकुराचे मोठे संगणकीय संग्रह तयार झाले. त्यांत हा शब्दप्रयोग बहुतेक ठिकाणी लष्करी अर्थानंच सापडतो.

हे कर्तव्य प्रत्यक्षात कसं होतं, ते ८ मे १७९२ च्या मिलिशिया कायद्यात दिसतं. दुरुस्ती मंजूर होऊन पाच महिनेही झाले नव्हते. १८ वर्षांपासून ४५ च्या आतला प्रत्येक स्वतंत्र, धडधाकट, गोरा पुरुष नागरिक मिलिशियात नोंदला जाईल आणि सहा महिन्यांत स्वखर्चानं पुढचा सरंजाम घेईल: एक चांगली मस्केट (ठासणीची लांब बंदूक), संगीन आणि पट्टा, बंदुकीच्या दोन जादा गारगोट्या, एक पाठपिशवी, आणि आपल्या नळीच्या मापाची किमान २४ काडतुसं मावतील असा कप्पा असलेली थैली, काडतुसांसकट. रायफल असेल तर २० गोळ्या, दारूचं शिंग आणि पाव पौंड, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास दारू. पाच वर्षांनी सगळ्या मस्केटांचं मापसुद्धा एक व्हावं: एका पौंडात १८ गोळ्या बसतील असं, म्हणजे एक गोळी साधारण २५ ग्रॅमची. युद्धात शेजाऱ्याची गोळी आपल्या नळीत बसली नाही तर काय होतं, हे त्या लोकांनी अनुभवलं होतं.

प्रत्येक वस्तूला कारण आहे. मस्केटचं काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी. शिपाई ती दातांनी फाडतो, चिमूटभर दारू बाजूच्या पेल्यात टाकतो, उरलेली नळीत ओततो, वरून गोळी आणि कागद घालून गजानं ठासतो आणि चाप ओढतो. मग गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. सरावलेला माणूस मिनिटाला दोन-तीन बार काढतो. गारगोटी झिजली की ठिणगी पडत नाही, म्हणून दोन जादा. काळी दारू ओल धरते आणि नळीला गंज चढवते, त्यामुळे बंदूक भरून ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. बोस्टनमध्ये तर १७८३ च्या कायद्यानं भरलेली बंदूक घरात ठेवायला बंदीच होती, कारण आग लागली की विझवायला धावलेल्यांच्या जिवावर बेतायचं. रात्री चोर आला तर उशाशी भरलेलं पिस्तूल, हे आजच्या वादातलं चित्र त्या शहराच्या कायद्यात बसत नव्हतं.

मराठी वाचकाला इथं शिलेदार आठवावा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई, पण ती हजेरीला दाखवावी लागत. शिलेदाराला पगार होता, मिलिशियातल्या शेतकऱ्याला एरवी नव्हता, एवढा फरक धरूनही नातं तेच: वस्तू माझी, तिच्यावर नजर राज्याची. १७९२ च्या कायद्यानं हा सरंजाम कर्जापोटी किंवा करापोटी जप्त करायला मनाई केली, जशी आपल्याकडे शेतकऱ्याची औतंअवजारं जप्तीतून वगळलेली असतात. त्याच कायद्यानं प्रत्येक राज्यात एक मुख्य अधिकारी नेमून मिलिशियाचे तक्ते दरवर्षी राज्याच्या सरसेनापतीपुढे ठेवायला लावले. कोणाकडे कोणती बंदूक आहे, चालू आहे की मोडकी, हे सरकारला कळलंच पाहिजे अशी रचना होती. आज शस्त्रांची नोंदणी म्हटलं की हक्काच्या नावानं गहजब होतो. ज्या पिढीचं नाव घेतलं जातं, तिनं बंदूक घरात आणि नोंद दप्तरात ठेवली होती.

ही व्यवस्था नीट चालली नाही. मस्केट महाग होती आणि शेतावर रोजच्या कामाला जड. ससा मारायला हलकी बंदूक बरी. केंद्रीय कायद्यात सरंजाम न घेणाऱ्याला दंड नव्हता, तो राज्यांवर सोडला होता आणि राज्यं ढिली होती. १८०८ मध्ये काँग्रेसला राज्यांच्या मिलिशियांना शस्त्रं देण्यासाठी दरसाल दोन लाख डॉलर बाजूला काढावे लागले. २४ ऑगस्ट १८१४ ला वॉशिंग्टनजवळ ब्लेडन्सबर्गला मिलिशिया उधळली आणि त्याच रात्री ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं. हळूहळू मिलिशियाच्या कवायती म्हणजे गावजत्रा झाल्या.

या इतिहासातून कोण वगळलं होतं ते कायद्याच्या शब्दांतच आहे: ‘गोरा पुरुष’. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॉनी यांनी काळ्यांना नागरिक मानलं तर काय होईल याची यादी दिली. त्यात ते जातील तिथं शस्त्र बाळगतील, ही भीती होती. यादवी युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १८६५ मध्ये मिसिसिपीनं कायदा केला: सैन्यात नसलेल्या आणि परगण्याच्या मंडळाचा परवाना नसलेल्या कोणाही काळ्या माणसानं बंदूक, दारूगोळा किंवा मोठा सुरा बाळगायचा नाही. दंड दहा डॉलरपर्यंत, आणि सापडलेलं शस्त्र चुगली करणाऱ्याला बक्षीस. परवाना देणारे कालचे मालकच होते.

याला काँग्रेसनं जुलै १८६६ मध्ये उत्तर दिलं. मुक्त गुलामांसाठीच्या ब्यूरोच्या नव्या कायद्याच्या १४ व्या कलमात वर्ण न पाहता सर्वांना मिळायच्या हक्कांत ‘शस्त्र धारण करण्याचा घटनात्मक हक्क’ स्पष्ट शब्दांत लिहिला. इथं मिलिशिया दूरच. दक्षिणेतल्या राज्यांच्या गोऱ्या मिलिशियाच तर काळ्यांच्या झोपड्यांची झडती घेत होत्या. हक्क आता त्या झोपडीतल्या माणसाचा होता, रात्री दारावर येणाऱ्या टोळीपासून बायकोमुलांना वाचवण्यासाठी. १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली. १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानात कोलफॅक्सच्या न्यायालयाच्या इमारतीत जमलेल्या काळ्या लोकांची कत्तल झाली. अनेकांना शरण आल्यावर मारलं. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींच्या शिक्षा रद्द करताना म्हटलं की दुसरी दुरुस्ती फक्त केंद्राला बांधते, राज्यांना किंवा खासगी टोळ्यांना नाही. ज्यांच्यासाठी तो हक्क १८६६ मध्ये लिहिला गेला होता, त्यांच्या हातून तो दहा वर्षांत गेला. तो राज्यांविरुद्ध पुन्हा लागू व्हायला २०१० उजाडावं लागलं.

मधल्या काळाचं थोडक्यात सांगतो. १९३४ मध्ये मशिनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांवर २०० डॉलरचा कर बसला. १९३९ मध्ये १८ इंचांहून आखूड नळीच्या बंदुकीचा खटला आला, तेव्हा आरोपींतर्फे न्यायालयात कोणी उभंच राहिलं नाही; अशा बंदुकीचा मिलिशियाशी संबंध दिसत नाही म्हणून ती संरक्षित नाही, असा निकाल लागला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेचे सशस्त्र कार्यकर्ते कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले, आणि भरलेली बंदूक उघड घेऊन फिरण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. १८७१ मध्ये सैनिकांची नेमबाजी सुधारण्यासाठी निघालेली नॅशनल रायफल असोसिएशन १९७७ नंतर राजकीय संघटना झाली आणि वैयक्तिक हक्काचा अर्थ घरोघर पोहोचला.

२६ जून २००८ रोजी हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी राजधानीतली पिस्तूलबंदी रद्द झाली. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी वाक्याचे दोन तुकडे केले, मिलिशियाचा तुकडा बाजूला ठेवून उरलेला आधी वाचला आणि पहिला नंतर जुळवला. त्यातून निघालेला पेच त्यांनीच मान्य केला: आजच्या सैनिकाची एम-१६ रायफल बंदी घालण्याजोगी, तर घरातलं पिस्तूल हक्काचं. १७९२ च्या कायद्यात पायदळातल्या साध्या शिपायाला पिस्तूल घ्यायला सांगितलेलंच नव्हतं. पिस्तूल होतं ते घोडेस्वारांच्या सरंजामात. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा विरोधी निकाल १७९१ बद्दल अधिक बरोबर आहे. पण १८६६ ला त्यांच्याकडे पुरेसं उत्तर नाही, आणि म्हणून तो निकाल झोपडीतल्या त्या माणसाला काही देऊ शकत नाही. २०१० च्या शिकागो खटल्यात न्यायालयानं मिसिसिपी आणि कोलफॅक्सचा इतिहास स्वतःच सांगितला. तिथं खरी तारीख हाताशी आली होती.

ती सुटली २०२२ च्या ब्रुएन निकालात. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर पिस्तूल न्यायचं तर ‘सबळ कारण’ दाखवावं लागे. ती अट सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली आणि तशाच अटी असलेल्या राज्यांना आपले नियम बदलावे लागले. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेलं न्यू जर्सी त्यांतलंच एक. पण अट जाण्यापेक्षा नवी कसोटी जास्त घातक ठरली. आता कोणताही शस्त्रनियम टिकवायचा तर सरकारनं त्याच्यासारखा ऐतिहासिक नियम दाखवायचा. लोकांच्या जिवाला किती धोका आहे याचं वजन करायचंच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीनं मेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हा आकडा या कसोटीत कुठेच बसत नाही. आणि इतिहास कोणता, १७९१ चा की १८६८ चा? न्यायमूर्ती थॉमस यांनी अभ्यासकांत हा वाद आहे हे नोंदवलं आणि त्याचं उत्तर न देता ते पुढे गेले.

परिणाम लगेच दिसला. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात न्यायालयाचा मनाईहुकूम असलेल्याला बंदूक बाळगता येत नाही, असा केंद्रीय कायदा आहे. २०२३ मध्ये एका अपिली न्यायालयानं तो रद्द केला, कारण जुन्या काळात तसा कायदा सापडत नव्हता. सापडणार कसा? मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून बायकोला वाचवणं हे त्या काळच्या कायद्याचं कामच नव्हतं. जिथं बाईला हक्क नव्हता, तिथं तिच्या रक्षणाचा दाखला मागणं हा उघड अन्याय आहे. २१ जून २०२४ रोजी रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी तो कायदा वाचवला. हुबेहूब जुळा नियम नको, तत्त्व जुळलं तर चालेल, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. विरोधी मत एकच होतं, थॉमस यांचं. कसोटी मात्र तीच राहिली.

आपल्याकडे हा प्रश्न घटना समितीत आला होता. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं ब्रिटिशांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केलं होतं, म्हणून भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालायची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. कोणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारं विकत घेऊ लागला तर राज्य चालवणं अशक्य होईल, असं ते म्हणाले. त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा: आग्रह धरायचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा, संकटात राज्यानं बोलावलं तर नागरिकानं शस्त्र उचललं पाहिजे. १७९२ च्या कायद्याचा गाभा तोच आहे. शेवटी आपल्या १९ व्या कलमात शांततेनं एकत्र येण्याच्या हक्कापुढे ‘विनाशस्त्र’ ही अट आली आणि बंदुकीचा विषय परवान्याच्या कायद्याकडे गेला.

अमेरिकेनं तसंच करावं असं मी म्हणणार नाही. तिथं कोलफॅक्स घडलं आहे, आणि पोलीस ज्यांच्या मदतीला आले नाहीत त्यांच्या स्वसंरक्षणाच्या हक्काला मी क्षुल्लक मानत नाही. पण हक्क १८६६ चा धरायचा तर त्या पिढीचे निर्बंधही धरायला हवेत. टेक्ससमध्ये १८७१ साली, काळे प्रतिनिधी असलेल्या रिपब्लिकन विधिमंडळानं अंगावर पिस्तूल घेऊन फिरायला बंदी केली. घर, स्वतःची व्यवसायाची जागा आणि प्रवास यांना सूट होती. तात्काळ हल्ल्याची वाजवी भीती असेल त्यालाही सूट होती. तिथल्या न्यायालयानं तो कायदा योग्य ठरवला. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावातही १८८१ मध्ये शस्त्र घेऊन फिरायला मनाई होती, ओ. के. कोरलच्या प्रसिद्ध गोळीबाराला ती मनाई मोडल्याचं निमित्त होतं. ब्रुएन निकालात टेक्ससचा कायदा अपवाद म्हणून बाजूला सारला गेला. पुढच्या प्रत्येक खटल्यात सरकारी वकिलांनी तीन कागद एकत्र लावून द्यावेत: १७९२ ची सरंजामाची यादी, १८६६ चं चौदावं कलम आणि टेक्ससचा १८७१ चा कायदा. तिसरा कागद मंजूर करणाऱ्या सभागृहात दुसऱ्या कागदामुळे हक्क मिळालेली माणसं बसली होती, हे त्यांनी न्यायाधीशांना वाचून दाखवावं.